कुकरवरची नाकमुरडी

तिला आवडलेली एकही गोष्ट मी पाहिली नाही. ऊन असलं तर ती उन्हाला नाक मुरडायची, वारा सुटला तर वाऱ्याला. चहा पुढे केला की आधी कपाकडे, मग चहाकडे आणि शेवटी चहा देणाऱ्याकडे बघून म्हणायची, ‘थू!’ थुंकायची नाही. तो तिचा शब्दच होता. आपण ‘बरं’ म्हणतो, ‘असं होय’ म्हणतो, तसं ती ‘थू’ म्हणायची, आणि मग तोच चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायची.

हळद निवडणाऱ्या बायकांनी तिचं नाव नाकमुरडी ठेवलं होतं. तोंडावर मावशी, पाठीमागे नाकमुरडी. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहिलेलं तिला खपणार नाही. गावही सांगत नाही. हिंगोलीहून सेनगावकडे जाताना पुसेगावच्या आसपास कुठेतरी, एवढं पुरे. मी तिला आयुष्यात दोनदाच भेटले. एकदा अख्खी दुपार, आणि दुसऱ्यांदा एवढा थोडा वेळ की टपरीवर मागवलेला चहाही झाला नसता. तरी ज्यांच्या घरी मी वर्षानुवर्षं वाण घ्यायला जाते, त्या बायकांपेक्षा ही बाई मला जास्त कळली.

आणि त्या दुपारी नाक मुरडायचा हक्क खरं तर माझा होता. आजही तो दिवस आठवला की मला आधी तिची आठवण येत नाही. आधी किळस येते. एकेकाची तोंडं डोळ्यांपुढे येतात आणि तोंडाची चव जाते. मग त्या सगळ्यांच्या मागून ती येते, हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळावर आठ्या.

आम्ही मूळचे वसमतचे. माझा धाकटा भाऊ शरद तिथे कापडाचं दुकान चालवतो. आई त्याच्याकडेच असायची. मी नांदेडहून चार दिवस माहेरपणाला गेले होते आणि आईच्या मनात आलं की रिसोडला बहिणीकडे जाऊन यावं. शरदने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. ‘नवीनच आहे, फक्त आधी एकाने वापरली’ असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. एसटीने गेलो असतो तर सुखाने पोचलो असतो. पण गाडी दारात आणि आम्ही एसटीच्या फाट्यावर, हे त्याच्या इभ्रतीला कसं परवडणार!

आईबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आंघोळ केल्याशिवाय तिने चुलीला कधी हात लावला नाही. लुगड्याची घडी अशी असायची की दुकानातून आत्ताच आणलंय असं वाटावं. प्रवासाला निघायचं असलं की ती आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करायची, कारण वाटेत कुठे ‘जायची’ वेळ आली तर काय, ही धास्ती. वडील शेवटचं वर्षभर अंथरुणाला होते, तेव्हा त्यांचं सगळं तिने एकटीने केलं, पण स्वतःसाठी कुणाकडून पाण्याचा तांब्याही भरून घेतला नाही. कुणी आपल्याकडे बघून तोंड फिरवू नये, एवढीच तिची आयुष्याकडून मागणी होती.

तर औंढ्याच्या पुढे शरदने गाडी थांबवली. ‘आई, ऊन फार आहे, उसाचा रस घे.’ ती नको म्हणत होती. त्या गुऱ्हाळाच्या चरकावर माशांची जत्रा भरली होती, बर्फ ओल्या पोत्यात गुंडाळून जमिनीवर टाकलेला, आणि रसवाला त्याच हाताने बर्फ फोडत होता, त्याच हाताने नाक पुसत होता. मी ग्लास खाली ठेवला. आईने मुलाचं मन मोडायचं नाही म्हणून अर्धा ग्लास प्यायला. हिंगोली मागे पडेपर्यंत तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या.

ती म्हणाली, ‘कुठे जागा असली तर बघ.’ हे वाक्य आईच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. एका पेट्रोल पंपावर गेलो. बाहेर मोठ्या अक्षरांत स्वच्छतेचा संदेश रंगवलेला आणि त्याच्याच खाली दाराला कुलूप. किल्ली मालकाकडे आणि मालक हिंगोलीत. पोरगा खुर्चीवरून न उठता म्हणाला, ‘पुढं हॉटेल हाय, तिथं जा.’ आम्ही पुढे निघालो आणि गाडीतून जळका वास यायला लागला. शरद पाय दाबतोय, गाडी नुसती घुरघुरतेय, पुढे सरकत नाही. शेवटी एका शेताच्या वाटेवर तोंड खुपसून ती बसली. क्लच गेला होता. शरदने खाली उतरून बॉनेट उघडलं आणि आत असा बघत राहिला जसं काही त्याला त्यातलं कळतं. मग हिंगोलीच्या मेकॅनिकला फोन केला. ‘येऊन राहिलो ना साहेब,’ तो म्हणाला. दुपारभर तो येऊनच राहिला होता.

आणि तेवढ्यात जे व्हायला नको होतं ते गाडीतच झालं. आईने पदर तोंडावर ओढून घेतला, एवढंच. मी दार उघडलं, तर तिने माझा हात घट्ट धरला. ‘मला उतरवू नको. इथे कुणी बघितलं तर मी मरून जाईन.’ आमच्याजवळ अर्धी बाटली पाणी होतं. वर फाल्गुनाचं ऊन, आत बंद गाडी आणि ती माझी आई, जिने आयुष्यभर स्वतःच्या पायाची धूळही दुसऱ्याच्या उंबऱ्याला लागू दिली नाही.

रस्ता वाहता होता. गाड्या थांबत होत्या, हेही खोटं नाही. थांबायच्या, काच खाली व्हायची, ‘काय झालं?’ विचारायचे, वास यायचा आणि काच वर. एका पांढऱ्या जीपच्या मागच्या काचेवर कुण्या जनसेवकाचा हात जोडलेला फोटो होता. तो फोटोतला माणूस जातीने आत बसला होता. त्याने नाकाला रुमाल लावला, ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि हात जोडलेला फोटो आमच्याकडे बघत निघून गेला. मोटारसायकलवरची दोन पोरं तर मोबाइल काढूनच थांबली. शरद त्यांच्या अंगावर धावून गेला तेव्हा हसत हसत पळाली.

मी चालत त्या हॉटेलपर्यंत गेले. जवळच होतं. मालकाला एका बाजूला घेऊन सांगितलं, की आई म्हातारी आहे, असं असं झालंय, बादलीभर पाणी आणि आडोसा द्या, मी सगळं साफ करून जाईन. त्याने माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग गल्ल्यावरच्या देवाच्या तसबिरीला लावलेली उदबत्ती सरळ केली आणि म्हणाला, ‘ताई, तकलीफ समजते. पन हितं नका आनू. गिऱ्हाईक जेवून राहिलं.’ पाण्याची एक बाटली विकत घ्यायला मात्र त्याने सुचवलं. थू! हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता, नाहीतर तिथेच वापरला असता.

परत आले तर गाडीजवळ एक बाई उभी होती आणि शरदवर ओरडत होती. हडकुळी, उंच, कासोटा घातलेलं लुगडं, आणि कपाळापासून पायांच्या नखांपर्यंत हळद. आमची गाडी जिच्यात तोंड खुपसून बसली होती ती तिच्या शेताची, म्हणजे ती ज्या शेतावर राबत होती त्याची वाट होती.

‘गाडी हाय का म्हैस हाय ही? मदीच बसली. आमचा टॅक्टर कुठून काढू, तुज्या डोक्यावरून? थू! शिकल्यासवरल्याला गाडी कुठं मोडावी ते बी कळंना!’

बोलता बोलता ती खिडकीशी आली. आत बघितलं. मी मनात म्हटलं, आता ही पण पदर नाकाला लावणार. तिने बघितलं, शांतपणे बघितलं, आणि शरदकडे वळली.

‘तू लांब जा. त्या लिंबाखाली. आन् तोंड तिकडं करून बस. मागं वळून बघशील तर बघ.’

शरद निमूट गेला. दुकानात नोकरांना धारेवर धरणारा माझा भाऊ लिंबाखाली भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या पोरासारखा बसला.

‘चल माय,’ ती आईला म्हणाली. आईने मान हलवली. ‘काहून? लोक बघू न्हाईत म्हून रातीपर्यंत हितंच बसतीस का? मी हाय ना. उठ.’ आणि आपल्या खांद्यावरची घोंगडी आईभोवती गुंडाळून, तिला काखेत धरून, ती तिला शेतात घेऊन गेलीच. मी मागून पिशवी घेऊन धावले.

शेतात हळद शिजवणं चालू होतं. आमच्या भागात हळद शिजवायच्या यंत्राला कुकरच म्हणतात. चाकांवरचा लोखंडी बॉयलर, खाली लाकडांचा जाळ, आणि वाफेचे पाईप जोडलेले मोठे ड्रम, ज्यांत कच्ची हळद भरतात. वाफ किती द्यायची, ड्रम केव्हा उघडायचा, हे सांगणारा माणूस जाळाजवळ बसून असतो. बहुतेक ठिकाणी तो गडी असतो. इथे ही होती. पलीकडे पाच-सहा बायका ढिगातली हळद निवडत होत्या. त्यांनी माना वर केल्या.

‘काय बघून राहिल्या?’ ती गरजली. ‘म्हातारीला ऊन लागलंय. कधी ऊन लागलेलं मानूस बघितलं न्हाई? तिकडच्या ढिगाला बसा जा. सकाळपासून टोपलं भरलं न्हाई एकीचं, थू!’ बायका कुरकुरत शेताच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिने लाकडाच्या रचलेल्या ढिगाला ताडपत्री बांधली, आतून बघितली, बाहेरून बघितली, आणि आईला आत नेलं.

मी पुढे झाले तर मला तिने कोपराने बाजूला सारलं. ‘तू पानी दे नुसतं.’

‘अहो, माझी आई आहे. मी करते ना.’

‘लेक हायस म्हूनच नको,’ ती हळू आवाजात म्हणाली. एवढ्या हळू तिला बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. ‘लेकीच्या हातानं तिला अजून लाज वाटंल. रोज तुज्याकडं बघावं लागतंय तिला. मी कोन? उद्या मी तिला दिसनार बी न्हाई.’

आजपर्यंत मी पुष्कळ शहाणी माणसं ऐकली. हे कुणाच्या डोक्यात आलं असतं असं मला वाटत नाही. माझ्या तर नव्हतंच आलं.

बॉयलरच्या नळाचं कढत पाणी ती बादलीत घ्यायची, त्यात शेजारच्या पिंपातलं गार ओतायची. तिथली बादली पिवळी, तांब्या पिवळा, पाण्यावर पिवळा तवंग. आडोशाला आल्यावर आई पहिल्यांदाच बोलली. ‘मला हळदीचं पाणी नको हो. माझे मालक गेलेत.’

तिचा हात थांबला नाही. ‘माजा बी गेला. पोरगं मांडीवर होतं तवाच गेला. म्हून मी हळद शिजवायची सोडली का? मग खाऊ काय? थू! मेलेला मानूस बघायला येत न्हाई का कुनी हळद लावली. पाय वर कर.’

आईने पाय वर केला. मी तांब्या तांब्याने पाणी ओतत होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. उन्हाला, वाऱ्याला, चहाला मुरडणारं ते नाक तेव्हा सरळ होतं. आईचे पाय, पाठ, लुगड्याचा बोळा, सगळं तिने असं हाताळलं जसं न्हाणीत तान्ह्याला हाताळतात. मध्येच आईला रडू फुटलं तर म्हणाली, ‘लेकरानं केलं असतं तर मुका घेतला असता का न्हाई? मग म्हातारं झालं की काहून नाक धरायचं? रडू नको. डोळ्यात हळद जाईल.’

तिचं स्वतःचं एक लुगडं तिथे काठीवर वाळत होतं. घरी जाताना नेसायचं. ते तिने आईला नेसवलं. आई उन्हात बाहेर येऊन बसली तेव्हा तिचे हात, पाय, मान, सगळं पिवळं झालं होतं. वडील गेल्यापासून जिने हळदीच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं, ती अशी दिसत होती जसं आत्ताच हिच्या अंगाला कुणी सवाष्णींनी हळद लावली आहे. आईने आपल्या हातांकडे बघितलं. पुसले नाहीत.

आणि तेव्हाच मोटारसायकलचा आवाज आला. शेतमालक. स्वच्छ पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. ड्रममधून भसाभसा वाफ येत होती ती त्याने लांबूनच बघितली असावी.

‘मावशे! कुठं मेली होतीस? डरम अख्खा गाळ झाला!’

आम्हाला पाणी तापवून देता देता, आडोसा धरता धरता, ती कुकरपाशी गेलीच नव्हती. एक ड्रम प्रमाणाबाहेर शिजला होता. पलीकडून बायका उठून आल्या. मावशीने ताडपत्री खाली सोडली, आतले ओले बोळे दिसणार नाहीत अशी तिच्यापुढे उभी राहिली आणि पदराला हात पुसत म्हणाली,

‘डोळा लागला.’

मालक बघतच राहिला. ‘डोळा लागला? तुजा?’

‘व्हय. माजा. मला काय डोळे न्हाईत?’

बायका हसायला लागल्या. त्यातली एक अगदी पोट धरून हसली. तिला या मावशीने कितीदा आळशी म्हणून झापलं असेल, त्याचा हिशेब तिथेच चुकता करून घेत होती. नंतर मेकॅनिकची वाट बघताना बायकांच्या बोलण्यातून मला कळलं, की मावशी कधी डोळा मिटत नाही हीच तिची ख्याती होती. त्याच एका गोष्टीवर त्या माणसाने गडीमाणूस सोडून तिला कुकरवर बसवलं होतं. बाकीच्या वाकून निवडायच्या, ही जाळापाशी पाटावर बसून हुकूम सोडायची. शिवारात असा मान दुसऱ्या कुठल्याच बाईला नव्हता.

मी तोंड उघडलं. खरं सांगणार होते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड पुन्हा मिटलं. ‘तू गप. पाव्हणी हायस, पानी प्यालीस, आता गाडीकडं जा.’ मग मालकाला म्हणाली, ‘रस्त्यावरची हाय. म्हातारीला ऊन लागलं म्हून बसवलं.’

‘उद्यापासून कुकरवर बसू नको,’ तो म्हणाला. ‘निवडायला बस बायकांत. झोप तिकडं खुशाल.’

‘बसते. तुजा कुकर काय सोन्याचा हाय का? थू!’

बोलली खरी. पण मग ती जाळापाशी गेली आणि बाहेर आलेली लाकडं पायाने आत लोटत बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या माणसाची, त्या हसणाऱ्या बायकांची मला जी शिसारी आली ती सांगता येत नाही. एवढ्या सगळ्यांत एक माणूस धड होता, आणि सगळ्यांनी मिळून हसायला तोच बरा सापडला!

मेकॅनिक ऊन उतरल्यावर उगवला. निघताना आईने तिचे हात हातात घेतले. ‘लुगडं धुऊन पाठवते,’ एवढंच म्हणाली. ‘राहू दे. भारी हाय का काय ते? आन् रस्त्यावरचं काही पीत जाऊ नको. लेक देईल, लेकरू देईल, तरी नको म्हनायचं.’ आम्हाला निरोप द्यायलाही ती नाक मुरडूनच उभी होती. रिसोडला आईच्या बहिणीकडे सगळ्यांनी आईच्या पिवळ्या अंगाकडे टकामका बघितलं. ‘हळदीच्या शेतात बसले होते,’ आई म्हणाली आणि विषय संपवला.

पण तिच्यासाठी तो संपला नव्हता. वर्षभर फोनवर काहीही बोलत असलो तरी शेवटी गाडी तिथेच यायची. ‘ती झोपाळू ठरली गं माझ्यापायी. सगळ्यांपुढे.’ मी म्हणायचे, जाऊ दे, ती विसरली असेल. ‘कुकर गेला तिचा. ते ती कशी विसरेल?’ आणि मग हळदीचा हंगाम आला तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. लुगडं धुऊन, घडी करून पिशवीत भरलेलं होतं. म्हणाली, ‘मला तिथे ने. मी मालकाला सांगणार. त्या बायकांनाही सांगणार, काय झालं होतं ते.’

‘तुला सांगता येईल?’

‘येईल,’ आई म्हणाली. कुणी बघितलं तर मरून जाईन म्हणणारी माझी आई. शरदच्या गाडीत सबंध रस्ताभर ती ओठ हलवत बसली होती. काय नि कसं सांगायचं त्याची तयारी चालली होती.

शेत तेच होतं. कुकरवर कानात वायर घातलेला एक गडी बसला होता आणि जाळाकडे सोडून मोबाइलकडे बघत होता. मावशी ढिगाच्या कडेला, बायकांत, खाली मान घालून हळद निवडत होती. आम्ही बांधावर होतो तेव्हाच ऐकू आलं, एक बाई म्हणत होती, ‘मावशे, जागी हायस ना?’ आणि बाकीच्या खुदखुदल्या. वर्ष झालं तरी त्यांची गंमत शिळी झाली नव्हती. आईचा चेहरा लाल झाला. ती सरळ ढिगापाशी गेली. मालकही तिथेच उभा होता, बरंच झालं.

‘मावशी,’ आई म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. ‘मागच्या वर्षी मी इथे आले होते. त्या दिवशी...’

मावशीने मान वर केली. आईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘कोन हो तुमी? मी न्हाई वळखत.’

‘अहो, आमची गाडी बंद पडली होती. तुम्ही मला...’

‘रोज गाड्या बंद पडत्यात हितं. किती जनांना वळखू? सरका, उजेड अडतोय.’

‘काय काम हाय बाई?’ मालक पुढे आला. आईने त्याच्याकडे वळून तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी ताडकन उठली. ‘काम काय असनार? रिसोडचा रस्ता इचारून राहिल्या. चुकल्यात. चला, दावते.’ आणि आईचा दंड धरून तिला जवळजवळ ओढतच बांधाकडे घेऊन गेली. मी मागे. बांधावर पोचल्यावर तिने रस्त्याकडे हात केला, आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली आणि न बघता माघारी फिरली. लुगड्याची पिशवी आईच्या हातातच राहिली.

गाडीत बसल्यावर माझा स्फोट झाला. ‘काय बाई आहे ही! तू एवढ्या लांबून, या वयात, आणि ही म्हणते ओळखत नाही? लोक म्हणजे सगळे...’

‘तुला ऐकू आलं नाही का?’ आई म्हणाली.

‘काय?’

‘तिने विचारलं, पोट बरं राहतंय का आता.’

शरदने गाडी सुरू केली. बऱ्याच वेळाने, परत हिंगोली आल्यावर, आई आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, ‘मी सांगणार होते गं. तिने सांगू दिलं नाही.’

आई आता नाही. शेवटच्या आजारात माझ्या हातून सगळं करून घेताना ती एकदाही लाजली नाही. आणि एक दिवस म्हणाली, ‘मी गेल्यावर सांग. मग मला कसली लाज?’ म्हणून लिहिते आहे. शेतात जाऊन सांगण्यात अर्थ नाही. मला बघून मावशी नाक मुरडेल आणि म्हणेल, मी न्हाई वळखत. पण त्या शिवारातला कुणी हे वाचत असेल, त्या हसणाऱ्या बायकांतली कुणी, किंवा तो मालक, तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. त्या दुपारी मावशीचा डोळा लागला नव्हता.